जामीन मंजूर, सुटका बाकी

जामिनाबद्दल आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते बहुधा उच्च न्यायालयातले किंवा दिल्लीतले असते. अटक झालेल्या बहुतेक माणसांचे कोर्ट मात्र तालुक्याच्या ठिकाणी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे असते. तिथे जामिनाचा प्रश्न दोन बाजूंनी कसा दिसतो हे समजावे म्हणून मी या लेखापुरती दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत. एक निवृत्त सहायक सरकारी वकील. दुसऱ्या सहायक लोक अभिरक्षक, म्हणजे ज्याला वकील मिळत नाही त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या पूर्णवेळ पगारी वकील. माणसे कल्पित आहेत, कायदा आणि निकाल खरे आहेत. माझा कल कुठे आहे हे मी लपवणार नाही. पण सरकारी वकिलांची बाजू कच्ची करून मांडली तर या लेखाला काही अर्थ उरणार नाही.

बोलण्याला आधार म्हणून एक साधे प्रकरण घेऊ. पुणे जिल्ह्यातल्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारा, परभणीकडून आलेला तरुण. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून अटक. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२), शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे.

सरकारी वकील : मॅडम, सुरुवात फिर्यादीपासून करू, कारण जामिनाच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही. ज्याची गाडी गेली तो काही बंगलेवाला नसतो. हप्त्यावर घेतलेली गाडी. ती नसली तर रात्रपाळीला जाता येत नाही. गाडी सापडली तरी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडते. ती सोडवून घ्यायला यालाच अर्ज करावा लागतो, वकील लावावा लागतो. आणि आरोपी आठ दिवसांत बाहेर. फिर्यादी मला विचारायचा, ‘साहेब, मी तक्रार कशाला दिली मग?’ त्याला तुम्ही काय सांगाल?

लोक अभिरक्षक : खटला उभा राहील आणि निकाल लागेल, असं सांगेन. जामीन म्हणजे प्रकरण मिटलं असं नव्हे, हे त्याला कुणी समजावलेलं नसतं, आणि ते समजावणं तुमच्या ऑफिसचं काम आहे. पण सर, त्याचं समाधान व्हावं म्हणून निकालाआधी कुणाला कोंडून ठेवता येत नाही.

सरकारी वकील : निकाल लागतो कुठे? आरोपी जामिनावर सुटतो. दोन तारखांना येतो, तिसऱ्या तारखेला येत नाही. वॉरंट निघतं. हवालदार पत्त्यावर जातो आणि ‘सदर इसम येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन वॉरंट परत येतं. असं दोन-चार वेळा झालं की प्रकरण डॉर्मंट फाइलला जातं. पुढे कधी आरोपी सापडला तर पंच गाव सोडून गेलेले, तपासी अंमलदार निवृत्त. फिर्यादीला घटनेची तारीखसुद्धा आठवत नाही. आरोपी स्थानिक नसेल तर जामिनाला माझी हरकत असायची ती यासाठी. त्या पोराशी माझं वैर नव्हतं.

लोक अभिरक्षक : डॉर्मंट फाइल मीही पाहते, तुमची तक्रार खोटी नाही. पण तुम्ही गोष्ट फार उशिरा सुरू करताय. मी अटकेपासून सुरू करते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, अटक केलीच तर ती का गरजेची होती ते लिहा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलं. दंडाधिकाऱ्यांनीही ती कारणं तपासून मगच कोठडी द्यायची. आपल्या या प्रकरणात शिक्षा तीनच वर्षांची. तरी रिमांड रिपोर्टमध्ये काय असतं? ‘आरोपी पळून जाण्याची शक्यता आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे, आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे.’ दहा रिपोर्ट शेजारी ठेवा, नावं सोडली तर फरक सापडत नाही.

सरकारी वकील : छापील भाषा असते, मान्य. पण भाषा छापील आहे म्हणून कारण खोटं ठरत नाही. दुचाकी चोरणारा बहुतेक वेळा एकटा नसतो. गाडी उचलणारा वेगळा, नंबर प्लेट बदलणारा वेगळा, विकणारा वेगळा. पोलीस कोठडी मिळाली नाही तर पुढच्या दोघांपर्यंत पोचायचं कसं? आणि आता तर अटकेची कारणं लेखी द्या, आरोपीला कळेल त्या भाषेत द्या, रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी द्या, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, मुंबईतल्याच एका प्रकरणात. ठाण्यात माणसं किती असतात आणि त्यांच्यामागे बंदोबस्त किती असतो, ते तुम्ही पाहिलंय.

लोक अभिरक्षक : पाहिलंय. पण कारणं लेखी दिली तरी ती वाचून बोलणारं माणूस शेजारी नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? पोराला दुपारी आणतात. तो कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदारासोबत बसलेला असतो. पुकारा होतो. आत साहेब विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ तो ‘नाही’ म्हणतो. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते हाताच्या अंतरावर उभे असतात आणि परत त्यांच्याचबरोबर जायचं असतं. काही मिनिटांत कोठडीचा हुकूम होतो. त्या मिनिटांत त्याच्या बाजूनं कुणी विचारलं का, की नोटीस का दिली नाही? गाडी कुठे सापडली, त्याच्याकडे की दुसऱ्याकडे? घरी कळवलंय का? सगळं प्रकरण तिथेच वळण घेतं, आणि तिथेच वकील नसतो.

इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण हा हक्क नवा असल्यासारखे अनेकजण बोलतात. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात पहिल्यापासून आहे. ज्याला परवडत नाही त्याला मोफत वकील देण्याची जबाबदारी १९७६च्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ मध्ये आली. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे पडलेल्या कैद्यांसाठी कपिला हिंगोरानी न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात मोफत वकील हा न्याय्य खटल्याचाच भाग आहे हे न्या. भगवती यांनी स्पष्ट केले. भागलपूरच्या आंधळ्या केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात १९८० मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले: आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच दंडाधिकाऱ्यांनी त्याला हा हक्क सांगितला पाहिजे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांमधल्या बायकांच्या हालांवर पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रातून १९८३चा निकाल आला, आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवायचे असे ठरले. आणि २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबची फाशी २०१२ मध्ये ज्या निकालाने कायम केली, त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिले की आरोपीला वकिलाचा हक्क समजावणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाली तर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. ज्याच्याबद्दल देशात कुणालाही दया नव्हती त्याच्या निमित्ताने हे लिहिले गेले, याला मी फार महत्त्व देतो. मोटारसायकलच्या आरोपीला त्याहून कमी मिळावे असे कोणता कायदा म्हणतो?

सरकारी वकील : हक्क सांगितला जातो मॅडम. ‘वकील देणार का? सरकारी वकील पाहिजे का?’ असं विचारतात. आरोपीच नको म्हणतो.

लोक अभिरक्षक : कारण ‘सरकारी वकील’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही येता. सरकारनं पकडलंय, आता सरकारचाच वकील घ्या म्हणताहेत, असं त्याला वाटतं. शिवाय फुकटचा वकील काम करत नाही हे त्याला कोठडीतल्या इतरांनी सांगितलेलं असतं.

सरकारी वकील : त्यात चूक काय आहे? विधी सेवेच्या पॅनेलवरचे वकील मी पाहिलेत. आरोपीचं नाव वकीलपत्रावर वाचून मला विचारायचे, ‘साहेब, याच्यावर काय आहे हो?’

लोक अभिरक्षक : मीही पाहिलेत. प्रकरणामागे तुटपुंजी फी, तीही कधी मिळेल त्याचा नेम नाही. त्यामुळे स्वतःची खासगी प्रकरणं आधी, हे आलंच. २०२२ पासून लोक अभिरक्षक आले ते यासाठीच. आम्हाला खासगी वकिली करता येत नाही, दिवसभर हेच काम. पण आमचं ऑफिस जिल्ह्याला. तालुक्याच्या कोर्टात दुपारी पुकारा होतो तेव्हा मी सत्र न्यायालयात साक्ष घेत असते. अटकेच्या वेळीच, ठाण्यातच वकील पोचावा म्हणून नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०१९ मध्ये चौकट आखून दिली. ठाण्याच्या भिंतीवर त्याचा फलक असतो. फलक वाचून मला फोन करणार कोण? आरोपीचा मोबाइल तर पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलेला असतो.

सरकारी वकील : बरं, तुम्ही वेळेवर पोचलात असं धरू. पोलीस कोठडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, तुम्ही जामिनाचा अर्ज दिलात. माझा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला, हरकत आली, तरी साहेबांनी जामीन दिला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मग तुमची तक्रार संपली?

लोक अभिरक्षक : तिथून सुरू होते! त्या हुकुमावर माझ्या अशिलाची आई विश्वास ठेवते आणि दुसऱ्या दिवशी येरवडा तुरुंगाच्या दारात जाऊन उभी राहते. तिला सांगावं लागतं की जामीनदार हवा. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस. त्याचं आधार, रेशन कार्ड, सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती, कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, वर त्याचं प्रतिज्ञापत्र. तिच्या गावाकडे दोन एकर असलेला एक भाऊबंद आहे. तो एक दिवसाची मजुरी बुडवून, तिकीट काढून येतो. कोर्टात सांगतात, परभणीचा सातबारा चालणार नाही, स्थानिक माणूस आणा. ज्या गावात हा पोरगा ठेकेदाराच्या खोलीत सहाजणांत राहतो, तिथला कोण जमीनवाला त्याच्यासाठी सातबारा आणून देणार आहे?

सरकारी वकील : स्थानिक जामीनदाराचा आग्रह कशासाठी असतो तेही सांगा. आरोपी आला नाही तर हवालदार जामीनदाराच्या दारात जातो. ‘तुमचा माणूस कुठे आहे, नाहीतर रक्कम भरा.’ गावात चारचौघांत हा प्रश्न विचारला जाणं, याचा धाक असतो. परभणीतल्या माणसाच्या दारात आमचा हवालदार कधी जाणार? कोर्टाच्या हातात दोरी एवढीच आहे.

लोक अभिरक्षक : मग त्या दोरीच्या टोकाला खरोखर कोण असतं ते पाहा. ज्याला ओळखीतला जामीनदार मिळत नाही त्याला कोर्टाच्या बाहेर पैसे घेऊन जामीनदार मिळतो. कागद तयार, फोटो तयार. त्या माणसानं आरोपीला आयुष्यात पाहिलेलं नसतं. आरोपी पळाला तर तो कुणाला शोधणार आहे? याआधी किती जणांना जामीन राहिलास ते प्रतिज्ञापत्रावर सांग, ही तरतूद २००५ मध्ये कायद्यात घालावी लागली, ती याच धंद्यामुळे.

सरकारी वकील : बोगस जामीनदारांवर गुन्हे दाखल झालेत. मी स्वतः तसे खटले चालवलेत.

लोक अभिरक्षक : खऱ्या भाऊबंदाला परत पाठवलं की खोटा माणूस पुढे येतो. तुम्ही दोघांनाही ओळखता. सर, मोतीराम गवंड्याचं प्रकरण आठवतंय ना? मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, खालच्या न्यायालयानं दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. त्याला परत दिल्लीला जावं लागलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडायला सांगितलं. साल १९७८. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लिहावं लागलं की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबते आणि न्यायालयांनी तशी अट घालू नये.

त्या २०२३च्या आदेशातली बाकीची कलमे तालुका कोर्टाच्या प्रत्येक बार रूममध्ये लावून ठेवावीत अशी आहेत. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला द्यायचा. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. म्हणजे ‘जामीन मंजूर, पण आत’ अशी माणसे भरपूर आहेत हे न्यायालयाला माहीत आहे. कागद तुरुंगापर्यंत पोचण्याचीही वेगळी कथा आहे. मुंबईत आर्थर रोड तुरुंगाच्या दाराबाहेर जामिनाच्या कागदांची पेटी आहे. पेटी उघडण्याची वेळ चुकली म्हणजे आणखी एक रात्र आत, हे २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणामुळे साऱ्या देशाला कळले. बिनगाजलेल्या माणसांच्या किती रात्री तशा गेल्या, याची बातमी झाली नाही. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. मला हा आकडा पाठ आहे, आणि तो कुणासमोर म्हणताना मला शांत राहता येत नाही.

सरकारी वकील : तुम्ही नवीन कायद्याचं नाव अजून घेतलं नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की बंधपत्रावर सोडायचं. पूर्वी निम्मा काळ होता. जुन्या प्रकरणांनाही हे लागू असल्याचं २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. म्हणजे कायदा हललाय की.

लोक अभिरक्षक : हललाय, आणि ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी मी तो वापरते. आपल्या पोराला लावून बघा. तीन वर्षांचा एक-तृतीयांश म्हणजे अख्खं एक वर्ष. पोलिसांनी साठ दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर तो त्याआधीच सुटायला पात्र होतो, पण ते अशा प्रकरणात सहसा वेळेत येतं. दुसरं, त्याच कलमात पुढे आहे की एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर हा फायदा नाही. दुचाकी चोरीत काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार गाड्या हस्तगत दाखवल्या तर चार ठाण्यांचे चार गुन्हे. एकात जामीन झाला की दुसरं ठाणं ताबा घेतं. प्रत्येकात वेगळा जामीनदार.

सरकारी वकील : चार गाड्या चोरल्या असतील तर चार गुन्हे होणारच.

लोक अभिरक्षक : चोरल्या असतील तर. पण जामीनदार चार कुठून आणायचे? तेरा प्रकरणांत जामीन होऊनही जामीनदारांअभावी आत राहिलेल्या माणसाचं प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा तेच जामीनदार सगळीकडे चालतील असं सांगावं लागलं. आता तिसरं ऐका, माझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट. हा पोरगा सहा-आठ महिने आत काढतो. जामीनदार नाही. मग बराकीतला कुणीतरी त्याला सांगतो, ‘गुन्हा कबूल कर, भोगली तेवढी शिक्षा होते, घरी जाशील.’ तो कोर्टात हात जोडून कबूल करतो. वकील शेजारी नसतो किंवा घाईत असतो. भोगलेल्या मुदतीची शिक्षा होते आणि तो त्याच संध्याकाळी सुटतो. जामिनानं जे झालं नाही ते कबुलीनं झालं.

सरकारी वकील : बऱ्याचदा त्यानं गुन्हा केलेलाच असतो.

लोक अभिरक्षक : बऱ्याचदा असेल. आणि ज्यानं केला नाही तोही हेच करतो, त्या दोघांत फरक करायची सोयच आपण ठेवलेली नाही. आता पुढचं पाहा. दोन वर्षांनी शेजारच्या वस्तीत चोरी झाली की पोलीस आधी याच्याकडे येणार. रिमांड रिपोर्टमध्ये ‘सराईत’ लिहिणार. आणि ४७९चा एक-तृतीयांशाचा फायदा? तो ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झाली नाही त्यालाच. घरी जायच्या घाईत केलेल्या त्या कबुलीनं तो फायदा कायमचा गेला. पारधी वस्तीतल्या पोरांचं हे मी सारखं पाहते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ज्यांच्या नावावर जमीन नाही, रेशन कार्ड नाही, त्यांना जामीनदार मिळत नाही. जामीनदार नाही म्हणून कबुली, कबुली दिली म्हणून सराईत, आणि सराईत म्हणून पुढच्या वेळी जामीन नाही.

सरकारी वकील यावर लगेच बोलले नसते असे मला वाटते. नोकरीत त्यांनी अशा कबुल्या पाहिलेल्या असणार, आणि फाइल निकाली निघाल्याचे समाधानही त्यांना मिळालेले असणार. ते बोलतील ते मग खालच्या न्यायाधीशांच्या बाजूने, आणि तेही बरोबर आहे. जामीन नाकारला म्हणून न्यायाधीशाची चौकशी झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. दिला तर अर्ज होतो, बातमी होते. खालचे न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात ते त्यांना गुन्हा कळत नाही म्हणून नव्हे, आपल्यालाच लक्ष्य केले जाईल या भीतीने, असे सरन्यायाधीश असताना धनंजय चंद्रचूड यांनी २०२२ मध्ये बोलून दाखवले होते. तालुक्यात एकट्या राहणाऱ्या तरुण न्यायाधीशाकडून धैर्याची अपेक्षा करताना त्याच्या पाठीशी वर कोण उभे राहते हेही विचारले पाहिजे.

सरकारी वकील : तुमची कबुलीची गोष्ट मी खोडून काढत नाही. पण पैशांची अडचण असेल तर आता सरकारची योजना आहे. २०२३ पासून गृह मंत्रालय गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैसे देतं.

लोक अभिरक्षक : चांगली योजना आहे. त्यासाठी कैदी गरीब आहे असा अहवाल लागतो, मग जिल्ह्याची समिती बसते. आणि पैसे मिळतात ते रक्कम भरण्यासाठी. तुमची हरकत रकमेला नसते, सर. हा माणूस परत येईल कशावरून, हा तुमचा प्रश्न असतो.

सरकारी वकील : हो, आणि त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. सातबारा नको, स्थानिक जामीनदार नको. मग काय हवं?

लोक अभिरक्षक : त्याची मुळं कुठे आहेत ते तपासा. विधी स्वयंसेवकाला खोलीवर पाठवा. ठेकेदाराकडे किती महिने काम केलं, आईचा फोन कोणता, गावचा सरपंच ओळखतो का. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’चे समाजकार्यकर्ते तुरुंगांत आणि कोर्टांत असं काम १९९० पासून करताहेत. चौकशीचा एक पानी अहवाल जामिनाच्या अर्जाला जोडला तर साहेबांच्या हातात तुमच्या सेपेक्षा जास्त माहिती असेल.

सरकारी वकील : ठेकेदार कबूल करणार नाही की हा आपला माणूस. त्याच्याकडे हजेरीचा कागदच नसतो.

लोक अभिरक्षक : मग सोबत राहणारे पाचजण सांगतील. आणि तारीख चुकली की लगेच अजामीनपात्र वॉरंट नको. अर्धे आरोपी पळालेले नसतात, त्यांना तारीखच माहीत नसते. पुढची तारीख रोजनाम्यात असते, त्याच्या हातात नसते. ई-कोर्टाची एसएमएसची सोय वकिलांना आणि पक्षकारांना आहे. सुटताना त्याचा आणि आईचा असे दोन नंबर तिथे नोंदवा. तारखेच्या आदल्या दिवशी स्वयंसेवकानं एक फोन करावा. त्यानंतरही आला नाही तर तुम्ही वॉरंट मागा, मी विरोध करणार नाही.

सरकारी वकील : फोन करणाऱ्या स्वयंसेवकाचा भत्ता कोण देणार, ते आधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर तीन महिन्यांत बंद पडेल. आणि माझी एक अट आहे.

लोक अभिरक्षक : सांगा.

सरकारी वकील : आरोपीला तारखेचा जो मेसेज जाईल तोच फिर्यादीलाही गेला पाहिजे. जामीन झाला त्या दिवशीही त्याला कळलं पाहिजे, कोणत्या अटींवर झाला तेही. गाडी त्याची गेली आहे, आणि त्याला आरोपी सुटल्याचं कळतं ते चौकात तो समोरून आल्यावर.

लोक अभिरक्षक : हे मी अर्जातच घालते. मसुदा केला की तुम्हाला दाखवते, फिर्यादीचा भाग तुम्ही लिहा.